मालकाला ऐकवणारा नोकर: एडी अँडरसन

रविवारी संध्याकाळी अमेरिकेतली घरेच्या घरे रेडिओभोवती बसत, त्या काळातली ही गोष्ट आहे. २८ मार्च १९३७ रोजी विनोदवीर जॅक बेनी यांच्या कार्यक्रमात रेल्वेच्या डब्यातील सेवकाची एक छोटी भूमिका एडी अँडरसन या कृष्णवर्णीय नटाला मिळाली. काम एका भागापुरतेच होते. पण त्याचा घोगरा आवाज श्रोत्यांना असा काही भावला की त्याच वर्षी तो बेनींचा घरगडी ‘रॉचेस्टर’ म्हणून कार्यक्रमात कायमचा रुजू झाला. देशभर ऐकल्या जाणाऱ्या कार्यक्रमात नियमित भूमिका मिळवणारा तो पहिला कृष्णवर्णीय कलावंत मानला जातो. त्या वेळी ‘एमॉस अँड अँडी’ या तुफान लोकप्रिय मालिकेतली कृष्णवर्णीय पात्रे दोन गोरे नट आवाज बदलून रंगवत होते, हे लक्षात घेतले म्हणजे या नेमणुकीचे मोल कळते.

अँडरसनचा जन्म १९०५ साली कॅलिफोर्नियातल्या ऑकलंडचा. आई सर्कशीत तारेवर चालत असे. आवाजातली ती प्रसिद्ध खरखर मात्र लहानपणी सॅन फ्रान्सिस्कोच्या रस्त्यांवर ओरडून वर्तमानपत्रे विकताना आली, असे सांगितले जाते.

कार्यक्रमातले बेनी म्हणजे पक्के कंजूष आणि वय कायम ३९ सांगणारे गृहस्थ. त्यांच्या बढाया उघड्या पाडण्याचे काम रॉचेस्टरकडे होते, आणि ते तो बहुधा फोनवरून करी. मालक स्टुडिओत, नोकर घरी. फोन वाजे, ‘मिस्टर बेनी, मी रॉचेस्टर’ एवढे शब्द येत आणि पुढचा विनोद होण्याआधीच प्रेक्षक हसू लागत. मग खटारा मॅक्सवेल मोटारीची नाहीतर तुटपुंज्या पगाराची तक्रार सुरू होई, आणि मालकाला ती निमूट ऐकून घ्यावी लागे.

अर्थात तो होता नोकरच, आणि सुरुवातीच्या संहितांमध्ये जुगार, दारू, आळस असे कृष्णवर्णीयांबद्दलचे ठराविक विनोद त्याच्या वाट्याला आले, हे झाकण्यात अर्थ नाही. दुसऱ्या महायुद्धानंतर बेनींनी ते विनोद वगळायला लावले. गंमत अशी, की ते गेल्याने रॉचेस्टरचे काहीच बिघडले नाही. मालकापेक्षा वरचढ असलेली त्याची बुद्धी हाच त्याच्या विनोदाचा खरा आधार होता.

रेडिओवर पगारासाठी कुरकुरणारा हा गडी प्रत्यक्षात भरघोस मानधन घेणारा कलावंत होता. महायुद्धाच्या काळात त्याने सॅन दिएगोतील एका पॅराशूट कारखान्यात भांडवल घातले. १९४३ च्या केंटकी डर्बीत त्याच्या मालकीचा घोडाही धावला, भले तो मागेच राहिला असेल. बेनींबरोबरची त्याची जोडी पुढे दूरचित्रवाणीवरही १९६५ पर्यंत टिकली.