पिस्तूल अडकलं की आधी हात वर

बसा मंडळी, मागे खुर्च्या आहेत अजून, पालकांनी पण पुढे या. आज नेम, श्वास, चाप ओढणं यातलं काही बोलणार नाहीये. आज फक्त अडकणारं पिस्तूल, आणि ते सुद्धा आपलं 25 मीटरवालं, पॉइंट टू टूचं, म्हणजे 0.22 इंच कॅलिबरचं सेमी ऑटोमॅटिक. पोलिसांचं नाइन एमएम वेगळं, त्यांची गरज वेगळी, तिथे समोरून धोका असतो म्हणून मॅगझीनला खालून थाप मार, स्लाईड ओढ आणि चालू ठेव असं शिकवतात. व्हिडिओत बघून आपली पोरं तेच करतात आणि तिथेच मॅच घालवतात.

आधी हे चालतं कसं ते बघू, नाहीतर अडकतं कुठे ते कळणार नाही. काडतूस उडालं की गोळी पुढे जाते आणि त्याच गॅसच्या दाबाने रिकामी पुंगळी मागे ढकलली जाते, ती बोल्टला, म्हणजे मागे-पुढे सरकणाऱ्या त्या धातूच्या तुकड्याला, मागे रेटते, बोल्टवरचा एक्स्ट्रॅक्टर म्हणजे तो छोटा नखासारखा आकडा असतो ना, तो पुंगळीची कड धरून ठेवतो, मग इजेक्टरवर आपटून पुंगळी बाहेर, स्प्रिंग बोल्टला परत पुढे आणते आणि येता येता मॅगझीनमधलं वरचं काडतूस चेंबरमध्ये, म्हणजे नळीच्या मागच्या टोकाच्या खोबणीत, सारते. एवढं सगळं अडीच ग्रॅमच्या आसपासची शिशाची गोळी उडवणाऱ्या चिमूटभर बारुदावर चालतं. जोर मुळात कमी, त्यामुळे थोडी घाण, थोडं घट्ट तेल, मॅगझीनचा वाकलेला ओठ, म्हणजे काडतूस धरणारी वरची कड, काहीही पुरतं. आणि पॉइंट टू टू घाण पण जास्त करतं, कारण गोळी उघड्या शिशाची आणि वरून मेण किंवा ग्रीसचा हात. म्हणून खाली पडलेलं काडतूस पँटला पुसून परत भरू नका, त्या मेणाला धूळ चिकटते आणि ती सरळ चेंबरमध्ये जाते.

आता मॅचमध्ये अडकलं तर काय? नळी टार्गेटकडे, ग्रिप सोडायची नाही, बोट चापावरून बाहेर, मोकळा हात वर. बास. रेंज ऑफिसर येईपर्यंत बोल्ट, सेफ्टी, काही म्हणजे काही शिवायचं नाही. आयएसएसएफच्या, म्हणजे आंतरराष्ट्रीय नेमबाजी महासंघाच्या नियमात अडकण्याचे दोन प्रकार, अलाउएबल आणि नॉन अलाउएबल. पुंगळी निघाली नाही, काडतूस अडकलं, चाप ओढला आणि काडतुसावर फायरिंग पिनची, म्हणजे काडतुसावर आदळून ते पेटवणाऱ्या खिळ्याची खूण आहे पण उडालं नाही, फायरिंग पिन तुटली, हे अलाउएबल, म्हणजे राहिलेले शॉट्स मारायला मिळतात, ते पण मोजूनमापून, प्रत्येक वेळी नाही. पण ऑफिसरने बघायच्या आधी तुम्ही बोल्ट ओढलात की झालं नॉन अलाउएबल, न मारलेल्या प्रत्येक शॉटला शून्य. सेफ्टी काढायची राहिली, मॅगझीन नीट बसवलंच नाही, पाचाऐवजी चारच राऊंड भरले, हे पण तुमच्याच खात्यात. रॅपिडला, म्हणजे झटपट शॉट्सच्या फेरीत, हात 45 अंशावर खाली, 7 सेकंद थांबायचं आणि 3 सेकंदात एक शॉट, त्या तीन सेकंदात पिस्तूल गप्प बसलं की हात आपोआप बोल्टकडे जातो, मी समजू शकतो, पण तो जाऊ द्यायचा नाही. याची प्रॅक्टिस करावी लागते. आमच्याकडे मी मुलांच्या नकळत मॅगझीनमध्ये एखादं डमी काडतूस भरतो, कोणाचा हात कुठे जातो ते लगेच दिसतं.

दुरुस्तीसाठी 15 मिनिटं मिळतात, नाही जमलं तर तशाच प्रकारचं दुसरं तपासलेलं पिस्तूल. टोकियोला 2021 मध्ये मनू भाकरचं काय झालं ते सगळ्यांना आठवत असेल, ते 10 मीटरचं एअर पिस्तूल होतं, सेमी ऑटो नव्हे, पण मुद्दा तोच, ऐन क्वालिफिकेशनमध्ये पिस्तुलात बिघाड, वेळ गेला, 575 गुण आणि बारावा नंबर, फायनल हुकली. तीच मुलगी 2024 ला पॅरिसमध्ये दोन ब्राँझ घेऊन आली. सामान मोठ्या मोठ्या लोकांचंही बिघडतं.

बरं, आता सरावात. इथे वेळ आहे, म्हणून माझं म्हणणं एवढंच की घाईने मोकळं करू नका, आधी नीट बघा, कारण अडकलेलं पिस्तूल स्वतःच सांगत असतं की कुठे दुखतंय, आणि तुम्ही खाडकन बोल्ट ओढला की पुरावा जमिनीवर. टक् आवाज आला आणि काहीच झालं नाही, तर नळी टार्गेटकडेच ठेवून निदान 30 सेकंद थांबा, काडतूस उशिरा पेटू शकतं. मग मॅगझीन बाहेर, बोल्ट उघडा आणि ते काडतूस बोटात धरून त्याची मागची कड उजेडात बघा. पॉइंट टू टूमध्ये पेटणारा मसाला मधे नसतो, तो सगळीकडून कडेत भरलेला असतो आणि पिन कडेवरच बसते. खूण चांगली खोल, तरी उडालं नाही, तर त्या जागी मसाला नव्हता, काडतुसाचा दोष. खूण नुसती खरचटल्यासारखी, तर दोष पिस्तुलाचा, पिनची स्प्रिंग थकलीय, पिनच्या भोकात काळं साचलंय किंवा बोल्ट पूर्ण मिटलाच नव्हता. आणि खूणच नाही, तर पिन पोचलीच नाही. बघा, एका काडतुसावरून एवढं कळतं आणि आपण ते डब्यात टाकून पुढे जातो!

पुंगळी बाहेर पडायच्या खिडकीत उभी अडकली तर एक्स्ट्रॅक्टर, इजेक्टर नाहीतर काडतूस कमी ताकदीचं. पुंगळी चेंबरमध्येच राहिली आणि बोल्ट तिला सोडून मागे आला, तर एक्स्ट्रॅक्टरच्या नखाखाली बघा, तिथे शिसं, मेण आणि काजळी दाबून दाबून पाटी झालेली असते, नुसत्या फडक्याने निघत नाही, टूथपिकने कोरून काढावी लागते. ते स्वच्छ असूनही पुंगळी अडकतेय तर चेंबरच्या तोंडाशी बघा. रिकाम्या चेंबरवर चाप ओढून ओढून सराव केला असेल तर काही पिस्तुलांत पिन थेट चेंबरच्या काठावर आदळते, तिथे धातूचा बारीक ओठ उठतो आणि पुंगळी त्यात रुतते. ड्राय फायर, म्हणजे हा रिकामा सराव हवाच, पण स्नॅप कॅप, म्हणजे त्यासाठीचं नकली काडतूस घालून किंवा पिस्तुलात त्यासाठीची सोय असेल तर ती वापरून.

काडतूस नाकाने खाली घुसतंय, तिरकं चिमटतंय, हे बहुतेक मॅगझीनचं दुखणं. मार्करने मॅगझीनवर 1, 2, 3 लिहा आणि कुठल्या नंबरला अडकतं ते वहीत टिपून ठेवा. पोरं दोन दोन महिने पिस्तुलाला शिव्या देतात आणि निघतो तो तीन नंबरच्या मॅगझीनचा वाकडा ओठ. दुसरं, भरताना प्रत्येक काडतुसाची कड खालच्या काडतुसाच्या कडेच्या पुढे आली पाहिजे, मागे राहिली की एकमेकांत अडकतात. आणि चिमटलेली गोळी परत वापरायची नाही.

एकच गोष्ट मी दरडावून सांगतो. आवाज नेहमीसारखा न येता पुक्क् असा आला, हाताला धक्का लागला नाही, तर थांबा. गोळी नळीतच अडकलेली असू शकते. गंमत म्हणजे, खरं तर गंमत नाहीच, जोर कमी पडल्यामुळे तेव्हा बोल्टही मागे येत नाही, म्हणून पोरांना वाटतं पुंगळीच अडकलीय, ते हाताने बोल्ट ओढून नवीन राऊंड भरतात आणि त्या बंद नळीत दुसरी गोळी मारतात. नळी फुगते, कधी फाटते. पुक्क् झालं की मॅगझीन काढा, बोल्ट मागे लॉक करा आणि क्लीनिंग रॉड नळीतून आरपार जातोय ना ते बघा. जात नसेल तर ठोकाठोकी न करता आर्मररकडे, म्हणजे शस्त्रं दुरुस्त करणाऱ्याकडे.

मागून कोणीतरी तेलाचं विचारलं. कमी. बोल्ट जिथे घासतो तिथे एखादा थेंब, चेंबर आणि पिनचं भोक कोरडं. पावसाळ्यात गंजाच्या भीतीने लोक पिस्तूल तेलात बुडवून ठेवतात आणि मग ते तेल काजळी धरून चिकट होतं.

आणि साफसफाई तुमची, पण दुरुस्ती नाही. शस्त्र कायदा 1959 नुसार दुरुस्तीला सुद्धा परवाना लागतो, त्यामुळे घरी कानस घेऊन बसायचं नाही, स्प्रिंग कापायची नाही, चेंबरचा तो ओठ पण परवानाधारक गनस्मिथच काढेल. शिवाय चापाची स्प्रिंग छेडलीत तर इक्विपमेंट कंट्रोलला, म्हणजे मॅचच्या सामान तपासणीत, 1000 ग्रॅमचं वजन चाप पेलणार नाही आणि पिस्तूल बादच होईल, मग ते अडकतंय का नाही हा प्रश्नच मिटला.

चला, आता ज्यांनी पिस्तुलं आणलीत त्यांनी लेनवर या, बोल्ट उघडे, चेंबर रिकामं आहे हे दाखवणारे सेफ्टी फ्लॅग लावलेले, मॅगझीन बाहेर. टूथपिक मी आणल्यात.