गवताखालचं छप्पर

लांबून बघितलं तर टेकडीच वाटते. पण या गवताखाली दीडेक मीटरवर कचरा गाडलेला आहे.

पाऊस त्यात मुरला की काळं, उग्र पाणी होऊन खाली उतरतो आणि विहिरी नासवतो. म्हणून तो आत शिरूच द्यायचा नाही, कचऱ्यावर थरांचं छप्पर घालायचं. ते असं बनतं.

सुरुवात चिकणमातीपासून. रोलरला लोखंडी खूर आहेत, ते बघा. नुसती वरून दाबली तर ढेकळं तशीच राहतात आणि पाणी त्यांच्या फटींतून वाट काढतं. हे खूर ढेकळं फोडून माती मळतात, कणकेसारखी. असा ६० सेंटिमीटरचा नीट दाबलेला थर वर्षाकाठी जेमतेम ३ सेंटिमीटर पाणी झिरपू देतो. मात्र तो वाळला की भेगाळतो.

म्हणून त्यावर हा काळा प्लास्टिकचा पडदा. जाडी दीड मिलिमीटर. सगळी भिस्त याच्या सांध्यांवर आहे.

दोन पट्ट्यांच्या मधून तापलेली पाचर सरकते आहे, मागोमाग रूळ त्या दाबून चिकटवतात. नीट बघा, एका सांध्यात दोन समांतर जोड आहेत आणि मध्ये बोटापेक्षा बारीक पोकळी. तिची दोन्ही टोकं बंद करायची, सुई खुपसून हवा भरायची आणि दाब दाखवणाऱ्या काट्यावर नजर ठेवायची. पाच मिनिटं कुणी हलत नाही. काटा उतरला, तर गळती शोधायची, ठिगळ लावायचं, पुन्हा तपासायचं. हे काम घाईनं करून चालत नाही. उद्या यावर माती पडली की सांधा पुन्हा दिसणार नाही.

पडद्यावर ही जाळी. वरून मुरलेलं पाणी इथेच तुंबलं, तर माती भिजून उतारावरून घसरेल. जाळी ते आडवं नेऊन चरात सोडते. मग माती, आणि माती धरून ठेवणारं गवत. पावसातलं बरंचसं पाणी तेच पिऊन हवेत परत पाठवतं. खोल मुळांची झाडं इथे लावत नाहीत.

(क्षणभर फक्त पावसाचा आवाज)

खालचा कचरा कुजतो, आकसतो, जमीन खचते. कुठे कमी, कुठे जास्त. म्हणून पाऊस थांबल्यावर ही पाहणीची फेरी असते, आणि ती कित्येक वर्षं चालू ठेवावी लागते.

या वळणावर थोडं पाणी साचलंय. पावलाएवढाच खळगा. पाहणी करणाऱ्यांनी तिथे खूण म्हणून काठी रोवली आहे. उघडीप मिळाली की माती भरून उतार पुन्हा काढतील.