घंटेच्या आधीचा पाव्हलॉव्ह

रशियन शास्त्रज्ञ पाव्हलॉव्ह म्हटलं की आपल्याला घंटा ऐकून लाळ गाळणारा कुत्रा आठवतो. शाळेच्या पुस्तकात तेवढंच असतं. पण १९०४ साली त्याला नोबेल मिळालं ते पचनसंस्थेवरच्या कामासाठी. डोक्यात जे चालतं ते पोटापर्यंत पोचतं कसं, हे चिरफाड करून दाखवणाऱ्या पहिल्या काही माणसांपैकी तो एक. आज मी बोलणार आहे ते त्याच्या या कामाबद्दल.

रियाझानच्या पाद्र्याचा हा मुलगा, जन्म १८४९. धर्मशिक्षण अर्धवट टाकून पीटर्सबर्गला आला, डॉक्टर झाला, जर्मनीत शिकून आला आणि तरी चाळिशीपर्यंत पैशाची ओढगस्त सुटली नाही. मग १८९१ मध्ये प्रायोगिक वैद्यकाच्या नव्या संस्थेत शरीरक्रिया विभाग त्याच्या हाती आला. गंमत म्हणजे, त्या विभागाच्या इमारतीसाठी अल्फ्रेड नोबेलनेच दहा हजार रूबल दिले होते!

आता त्याचा गाजलेला प्रयोग बघा. कुत्र्याची अन्ननलिका मानेजवळ कापून तिची तोंडं बाहेर कातडीला शिवायची आणि जठरालाही बाहेर उघडणारी एक नळी बसवायची. जखमा भरल्या की त्याला मांस घालायचं. कुत्रं चवीनं चावतं, गिळतं आणि घास मानेतून खाली भांड्यात पडतो. जठरात कणही जात नाही. तरीसुद्धा पाचेक मिनिटांत नळीतून स्वच्छ, आंबट जठररस ठिबकू लागतो. पुढे मेंदूपासून पोटापर्यंत जाणारे दोन्ही व्हेगस मज्जातंतू कापले, तर कुत्रं तितक्याच हावरेपणानं खातं, पण रस येत नाही. म्हणजे हुकूम वरून सुटतो आणि या तारेनं खाली येतो. याहून स्वच्छ पुरावा मला तरी ठाऊक नाही. कुत्र्यांचे हाल झाले, शस्त्रक्रिया जमेपर्यंत अनेक दगावली, हेही सांगायला हवं.

हा रस वाया जात नसे. गाळून, बाटल्यांत भरून तो अपचनावरचं औषध म्हणून विकला जाई. मांसाचं भांडं समोर ठेवून कुत्री ओळीनं उभी करायची, की झाला कारखाना सुरू. १९०४ च्या सुमारास वर्षाला तीन हजारांहून अधिक बाटल्या खपत आणि प्रयोगशाळेचा बराच खर्च त्यातून निघे. चवीबद्दल विचारू नका.

या यशामुळे पाव्हलॉव्ह मज्जातंतूंवर जरा जास्तच भाळला, असं माझं मत. १९०२ मध्ये लंडनला बेलिस आणि स्टार्लिंग यांनी आतड्याच्या एका तुकड्याचे सगळे मज्जातंतू तोडले, त्यात आम्ल सोडलं आणि तरीही स्वादुपिंड पाझरलं. निरोप रक्तातून गेला होता. त्या रसायनाला त्यांनी सिक्रेटिन नाव दिलं. पाव्हलॉव्हनं तोच प्रयोग स्वतःकडे करवून घेतला. त्याचा सहकारी बाबकिन सांगतो, की निकाल पाहून तो न बोलता आपल्या खोलीत गेला, अर्ध्या तासानं परतला आणि म्हणाला, त्यांचंच बरोबर आहे. सत्य शोधण्याचं पेटंट काही आपण घेतलेलं नाही.

त्यानंतर तो पचनाकडून नुसत्या खुणेनं सुटणाऱ्या लाळेकडे, म्हणजे थेट मेंदूकडे वळला. ते कुतूहल आधीपासूनच होतं, पण सिक्रेटिननं धक्का दिला नसेल असं म्हणवत नाही. १९०३ मध्ये माद्रिदच्या वैद्यक परिषदेत तो या नव्या विषयावर बोलला. पुढच्या वर्षी स्टॉकहोमला पचनाचं नोबेल घेतानाही भाषणाचा शेवट त्यानं लाळेवरच केला.

व्हेगसची गोष्ट मात्र संपली नव्हती. १९४३ मध्ये शिकागोच्या ड्रॅगस्टेटनं अल्सरच्या रुग्णांचे हेच मज्जातंतू कापून जठरातलं आम्ल कमी केलं आणि चांगली औषधं येईपर्यंत ती शस्त्रक्रिया जगभर चालली. पुढे त्याच मज्जातंतूतले धागे मोजले गेले, तेव्हा सुमारे ८० टक्के धागे पोटाकडून मेंदूकडे जाणारे निघाले. पाव्हलॉव्हनं ठिबकताना पाहिलेला सगळा रस उरलेल्या थोड्या धाग्यांच्या हुकमानं आलेला होता.