मोंबासा ते नैरोबी: आधी रूळ, मग राजधानी

मोंबासा. हिंदी महासागरावरचं केनियाचं जुनं बंदर. १८९६ मध्ये ब्रिटिशांनी इथून व्हिक्टोरिया सरोवराच्या दिशेने रूळ टाकायला घेतले, तेव्हा नैरोबी नावाचं शहरच नव्हतं.

बंदर मागे पडलं की तारूचं कोरडं, काटेरी रान लागतं. कामगारांना प्यायचं पाणीसुद्धा मागून गाडीने यायचं. पुढे त्सावो नदी. १८९८ मध्ये इथल्या पुलाचं काम दोन सिंहांनी बंद पाडलं. रात्री ते तंबूंतून माणसं ओढून नेत. पुलाचे इंजिनिअर पॅटरसन यांनी डिसेंबरमध्ये दोघांनाही मारलं. पेंढा भरलेले ते सिंह आज शिकागोच्या फील्ड म्युझियममध्ये आहेत. या रेल्वेची गोष्ट बहुतेक वेळा इथेच रेंगाळते आणि खरी माणसं मागे राहतात.

हिंदुस्थानातून सुमारे ३२,००० मजूर करारावर आणले होते. बहुतेक पंजाबातले, कराचीहून जहाजात चढलेले. गवंडी, लोहार, सुतार, खडी फोडणारे. त्यांतले जवळपास अडीच हजार इथेच मेले. सिंहांनी नेले त्याच्या कितीतरी पट हिवतापाने आणि हगवणीने नेले. बंदरापासून सरोवरापर्यंत ५८२ मैलांची लाइन. मैलामागे चार माणसं! हा हिशेब सिंहांच्या आधी सांगायला हवा.

मे १८९९. रूळ एका दलदलीच्या माळावर पोहोचले. पुढे रिफ्ट खोऱ्याचा अवघड घाट होता, म्हणून सामानाचा डेपो इथेच पडला. यार्ड, वर्कशॉप, कामगारांच्या झोपड्या, मग बाजार. हीच नैरोबी. १९०५ मध्ये राजधानी मोंबासाहून इथे हलली. रूळ तोवर सरोवराला भिडले होते, १९०१ च्या अखेरीस.

करार संपल्यावर हजारो मजूर पूर्व आफ्रिकेतच राहिले. वाटेवरच्या माकिंडूला रेल्वेतल्या शिखांनी १९२६ मध्ये गुरुद्वारा बांधला. तिथे आजही कुणीही वाटसरू पंगतीला बसतो, पोटभर जेवतो.

२०१७ पासून शेजारून नवी लाइन धावते. चिनी कर्जातून, चिनी कंपनीने बांधलेली, स्टँडर्ड गेज, म्हणजे जुन्या मीटर गेजपेक्षा रुंद रुळांची. त्सावोत हत्तींना खालून जाता यावं म्हणून तिचा भराव जागोजाग मोकळा सोडलाय. रात्रभराचा प्रवास आता पाच-सहा तासांत होतो. कर्जाचा बोजा मोठा आहे आणि त्यावरचा वाद केनियात अजून चालू आहे.

ही नवी गाडी शहराबाहेर, स्योकिमाऊला थांबते. नैरोबीच्या मध्यवर्ती स्टेशनात रेल्वेनेच जायचं, तर तिथे उतरून मीटर गेजच्या लोकलमध्ये बसावं लागतं.