नाडीचा वळ, तळपायाचा डाग

कंबरेवरचा हा वळ पाहा. परकराची नाडी वर्षानुवर्षं एकाच जागी करकचून बांधली की कातडी अशी काळवंडते, जाड होते, सोलवटते. बहुतेक जणींचं एवढ्यावरच थांबतं. क्वचित तिथे न भरणारी जखम होते, कडा टणक आणि उचललेल्या. हा स्क्वॅमस सेल कार्सिनोमा असू शकतो. बाह्यत्वचेतल्या चपट्या पेशींचा कर्करोग. काश्मीरमध्ये फेरन म्हणजे लांब, सैल अंगरख्याखाली निखाऱ्यांची कांगडी, म्हणजे छोटी शेगडी, धरून बसणाऱ्यांना तो मांडीवर, पोटावर होतो. भाजल्याच्या जुन्या वणातही उगवतो, कधी वीस-तीस वर्षांनी. गोऱ्या कातडीला मुख्य धोका उन्हाचा; आपल्याकडे घासणं, भाजणं, चिघळणं यांवर जास्त लक्ष हवं. तो जांघेतल्या, काखेतल्या लसीकाग्रंथींपर्यंत (अवधाणाच्या गाठींपर्यंत) जाऊ शकतो, म्हणून डॉक्टर तिथेही चाचपतात.

बाह्यत्वचेच्या तळाशी बेसल पेशी असतात. त्यांचा कर्करोग बहुधा चेहऱ्यावर, नाकाशी किंवा पापणीपाशी दिसतो. मोत्यासारखी चकाकणारी बारीक गाठ, मग मधोमध खड्डा. खपली पडते, रक्त येतं, पुन्हा धरते. सावळ्या कातडीवर तो अनेकदा काळा असतो आणि तीळ म्हणून सोडून दिला जातो. शरीरात इतरत्र जवळजवळ पसरत नाही, पण जागच्या जागी नाकाची कूर्चा कुरतडतो. लहान असतानाच भोवतालच्या साधारण 4 मिलिमीटर निरोगी कातडीसह काढला, तर बहुतेकदा तेवढ्यावर भागतं.

रंग बनवणाऱ्या पेशींचा मेलानोमा विरळा, पण कितीतरी घातक. आपल्याकडे तो तळपायावर, नखाखाली जास्त सापडतो, जिथे ऊन पोचतच नाही. गायक बॉब मार्लेला तो पायाच्या अंगठ्याला झाला होता. निदान 1977 मध्ये, मृत्यू 1981 मध्ये, वयाच्या 36 व्या वर्षी.

आता नखाजवळ जाऊ. मार लागून साकळलेलं रक्त नख वाढेल तसं पुढे सरकतं. मेलानोमाची उभी काळी रेघ मुळापासून तशीच राहते, रुंदावते, नखालगतच्या कातडीवर उतरते. अनेक नखांत बारीक रेघा असणं सावळ्या माणसांत नेहमीचं. एकाच नखात नवी रेघ आली तर दाखवायला हवी.

मेलानोमाची खोली मिलिमीटरमध्ये मोजतात. 1 मिलिमीटरच्या आत असताना सापडला तर बहुतेक जण बरे होतात. तळव्यावरचा डाग भोवरी समजून ब्लेडने तासला, तीळ जाळून घेतला, की मोजायला काही उरत नाही. म्हणून काढलेला प्रत्येक तुकडा फॉर्मलिनमध्ये (तुकडा टिकवणाऱ्या द्रावात) घालून पॅथॉलॉजीकडे गेला का, हे विचारा आणि रिपोर्ट हातात घ्या.