फ्रा लुका आणि त्याचा डावखुरा मित्र

मंडळी, लिओनार्दो दा विंचीचं गणित कच्चं होतं, असं म्हटलं की लोक दचकतात. पण त्याच्या वह्यांत अपूर्णांकांच्या साध्या भागाकारातसुद्धा चुका आहेत. लॅटिन तो लहानपणी धड शिकला नाही, आणि त्या काळातले विद्वान ग्रंथ लॅटिनमध्ये. म्हणून १४९४ साली व्हेनिसमध्ये लुका पाचोलीचा अंकगणित-भूमितीचा जाडजूड ग्रंथ चक्क बोलीभाषेत छापून निघाला, तेव्हा लिओनार्दोनं तो विकत घेतला. किंमतही टिपून ठेवली: ११९ सोल्दी. याच ग्रंथातल्या जमा-खर्चाच्या प्रकरणामुळे आपले हिशेबनीस अजून पाचोलीचं नाव घेतात.

हा पाचोली फ्रान्सिस्कन साधू, गाव सान्सेपोल्क्रो. १४९६मध्ये मिलानचा ड्यूक लुदोविको स्फोर्झा यानं त्याला दरबारी बोलावलं. लिओनार्दो तिथं आधीपासून होताच, ‘अंतिम भोजन’ भिंतीवर चढत होतं. त्याच्या टिपणांत एक ओळ सापडते: मास्तर लुकाकडून मुळांचा (वर्गमुळं वगैरे) गुणाकार शिकून घे. चाळिशी उलटलेला, नावाजलेला चित्रकार स्वतःलाच गृहपाठ देतोय! मला तो इथं फार आवडतो.

मास्तरांनाही शिष्याची गरज होती. पाचोली तेव्हा ‘दैवी प्रमाणा’वर, म्हणजे आज ज्याला सुवर्ण गुणोत्तर म्हणतात त्यावर, लिहीत होता, १४९८मध्ये ते हस्तलिखित तयार झालं. त्यात घनाकृती आल्या. वीस त्रिकोणी पृष्ठांची आकृती शब्दांत सांगून पाहा, ऐकणाऱ्याच्या डोळ्यांपुढे काही उभं राहत नाही. लिओनार्दोनं साठेक आकृत्या काढून दिल्या, आणि बऱ्याचशा दोनदा काढल्या: एकदा भरीव, एकदा पोकळ. पोकळ म्हणजे फक्त कडांची चौकट, आकाशकंदिलाला कागद चिकटवण्याआधी कामट्यांचा सांगाडा दिसतो तशी. त्यामुळे मागची बाजूही दिसते, कोणती कड कुठे जाऊन मिळते ते मोजता येतं. अठरा चौरस आणि आठ त्रिकोणांची सव्वीस पृष्ठांची आकृती अशी पाहिली की मग सिद्धता वाचायला धीर येतो. गणिताच्या पुस्तकात चित्र आधी शोभेपुरतं असायचं असं नाही, पण इतकं काम चित्रानं क्वचितच केलं असेल.

या पुस्तकावरून एक गैरसमज फार पसरलाय. पाचोलीनं हे प्रमाण चित्रकारांना नियम म्हणून दिलेलं नाही. इमारतींबद्दल लिहिताना तो जुन्या रोमन विट्रुवियसच्या साध्या पूर्णांकी प्रमाणांवरच विसंबतो. मोनालिसावर या प्रमाणाचे सोनेरी चौकोन आखणारे लोक हौशी, एवढंच मी म्हणतो.

१४९९मध्ये फ्रेंच सैन्य मिलानमध्ये शिरलं, आश्रयदाता पळाला. वर्षअखेरीस दोघे मित्र बरोबरच निघाले: मांतुआ, व्हेनिस, मग फ्लॉरेन्स. मांतुआत तिथल्या राजघराण्यातल्या इझाबेला देस्तेनं लिओनार्दोकडून खडूनं आपली छबी काढून घेतली, आणि नंतर रंगवलेल्या चित्राची वाट पाहत राहिली. एप्रिल १५०१मध्ये तिच्या फ्लॉरेन्समधल्या माणसानं, एका साधूनंच, तिला कळवलं की लिओनार्दो भूमितीत इतका बुडालाय की कुंचला त्याला नकोसा झालाय. चित्र तिला कधीच मिळालं नाही. आता याचा दोष पाचोलीला द्यायचा का? थोडा द्यावा, असं माझं मत आहे. लिओनार्दो मुळातच अर्धवट सोडणारा, हे खरं. पण या मैत्रीनं त्याला सोडायला एक भारदस्त कारण दिलं.

१५०९मध्ये पुस्तक व्हेनिसला छापलं गेलं. त्याच्या शेवटच्या भागात पाचोलीनं आपल्याच गावचा चित्रकार पिएरो देला फ्रान्चेस्का याचा घनाकृतींवरचा लॅटिन ग्रंथ इटालियनमध्ये उतरवून घातला, त्याचं श्रेय न देता. कलावंतांची चरित्रं लिहिणाऱ्या वसारीनं पुढं त्याला यावरून चांगलंच फैलावर घेतलं. मात्र याच पाचोलीनं लिओनार्दोच्या डाव्या हाताचं तोंडभरून कौतुक केलं आणि आकृत्या कुणाच्या, हे स्पष्ट लिहिलं. पिएरो तोवर वारला होता, लिओनार्दो हयात होता. एवढ्यावरच हा फरक पडला असेल, असं मात्र मला वाटत नाही.