स्टिकरवरचा आकडा आणि स्लॅबखालची खोली

मे महिन्यात अकोल्यातल्या वरच्या मजल्यावरच्या खोलीत रात्री अकरा वाजता भिंतीला हात लावला, तरी ती गरम लागते. दिवसभर ४४ अंशांच्या उन्हात तापलेला स्लॅब त्या वेळी साठवलेली उष्णता खाली सोडत असतो. त्याच रात्री मुंबईत तापमान जेमतेम २९ अंश असते, पण हवाच इतकी दमट की अंगावरचा घाम वाळत नाही. एसी दोन्हीकडे हवा असतो, आणि दुकानात दोन्ही गिऱ्हाइकांना दाखवला जातो तो एकच स्टिकर.

या स्टिकरवरचे स्टार सगळेच मोजतात. त्यांच्याजवळ छापलेला आयएसईईआर हा आकडा मात्र फारसे कोणी वाचत नाही. यंत्राने हंगामभरात खोलीतून जितकी उष्णता बाहेर काढली, तिला त्यासाठी खर्च झालेल्या विजेने भागले की हा आकडा मिळतो. तो ५ असेल, तर एका युनिट विजेत पाच युनिट उष्णता बाहेर जाते, ३.८ असेल, तर चारही जात नाही. तेवढ्याच गारव्यासाठी पहिल्या यंत्राला दुसऱ्यापेक्षा सुमारे २४ टक्के कमी वीज पुरते. स्टारचे निकष मात्र वेळोवेळी कडक होतात. जुलै २०२२ मध्ये ते बदलले, तेव्हा कालपर्यंत पाच स्टार मिरवणारी यंत्रे काहीही न बिघडता चार स्टारवर आली. म्हणून जुना साठा सवलतीत मिळत असेल, तर स्टिकरवरचा कालावधी आधी पाहावा.

त्याच स्टिकरवर वर्षाचे युनिटही दिलेले असतात, आणि ते १६०० तासांच्या वापराचे असतात. मुंबईत आठ महिने रोज रात्री आठ तास एसी चालवणारे घर हा हिशेब सहज ओलांडते. तिथे पाच स्टारसाठी मोजलेले जादा पैसे वसूल होतात. विदर्भात एप्रिल-मेची कोरडी हवा कूलरला मानवते, त्यामुळे एसी वर्षाला पाचशे तासही चालत नाही अशी घरे असतात, आणि त्यांनी तीन स्टारचे यंत्र घेतले तर त्यात काही चूक नाही. शिवाय ही चाचणी बाहेरचे तापमान २४ ते ४३ अंश धरून होते. अकोला आणि चंद्रपूर अनेकदा त्यापलीकडे जातात, तेव्हा यंत्राची गारवा देण्याची क्षमता घटते आणि वीज अधिक लागते. तिथल्या ग्राहकाने इतक्या तापमानात हे यंत्र किती क्षमतेने चालते, ते विक्रेत्याला विचारून घ्यावे.

टन हे यंत्राचे वजन नव्हे. एक टन बर्फ चोवीस तासांत वितळताना जितकी उष्णता शोषतो, तितकी उष्णता ओढण्याची ही क्षमता, म्हणजे सुमारे साडेतीन किलोवॉट. ‘असू दे थोडा मोठा’ हा आपल्याकडचा लाडका विचार दमट हवेत अंगाशी येतो. मोठे यंत्र खोली झटकन गार करून थांबते, बाष्प काढायला त्याला वेळच मिळत नाही आणि खोली गार पण ओलसर राहते. मुंबईत एसीच्या नळीतून पडणाऱ्या दर लिटर पाण्यामागे यंत्राने सुमारे ०.७ युनिट उष्णता उचललेली असते. तिथल्या कामाचा मोठा वाटा हवा वाळवण्याचाच असतो. अकोल्याच्या खोलीत मात्र टन वाढवण्याआधी गच्चीला पांढरा रंग देणे स्वस्त पडते.

घरी आणल्यानंतर दर पंधरवड्याला फिल्टरची जाळी धुणे एवढे काम घरातल्या कोणालाही जमते. जाळी धुळीने भरली की हवा कमी वाहते, कॉइलवर बर्फ धरतो आणि वीज जळत राहूनही गारवा येत नाही. आउटडोअर युनिट अरुंद डक्टमध्ये बसवले, तर ते स्वतःचीच गरम हवा पुन्हा ओढते. समुद्रालगत खारी हवा त्याच्या कॉइलच्या पातळ पत्र्या कुरतडते, म्हणून ते वर्षातून दोनदा तरी साध्या पाण्याने धुऊन घ्यावे. रिमोटवर २४ अंश पुरेसे आहेत. २०२० पासून नवे स्टार-एसी मुळात त्याच अंशावर सुरू होतात.

एक समजूत मात्र महागात पडते: ‘दर उन्हाळ्यात गॅस भरावा लागतो.’ बंद नळ्यांत फिरणारा हा गॅस पेट्रोलसारखा जळून संपत नाही. तो कमी झाला, म्हणजे कुठेतरी गळती आहे. मेकॅनिकने ती शोधून बुजवण्याआधीच सिलिंडर जोडला, तर त्याला थांबवावे आणि नळ्यांच्या जोडांना आधी साबणाचे पाणी लावून बघायला सांगावे.